सातवी सही

(सिडनीचं उपनगर ब्लॅकटाउन. फेब्रुवारीतली, भर उन्हाळ्यातली शनिवारची दुपार. सुखदाच्या घरामागचं अंगण. मधोमध कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी.)

सुखदा : आधी टोपी काढ. मग बोल.

नुपूर : अगं ऐक तर, सलिलकाका म्हणाले—

सुखदा : अडतीस डिग्री आहे, नुपूर. लोकरीची टोपी घालून बसमधून आलीस तू. काढ.

नुपूर : मी ती का घातलीये ते तुला माहितेय.

सुखदा : ऐकलंय. बघितलं नाही.

नुपूर : सुखदा, प्लीज ना.

सुखदा : सही कोणाला हवीये? मला?

नुपूर : घे. काढली. खूश?

सुखदा : मान खाली कर. अजून. हं. माझ्यापेक्षा मोठा चट्टा आहे. माझा कानामागे आहे, केस बारीक कापले तरी फारसा दिसत नाही. तुझा बरोब्बर टाळूवर. तेलाची वाटी ठेवता येईल.

नुपूर : थँक्स हं. आता दे ती इकडे.

सुखदा : घामाने भिजून निघालीये. बादलीतून काढते नि दांडीवर टाकते.

नुपूर : नको! मला जाताना लागेल.

सुखदा : या उन्हात पाच मिनिटांत वाळते. बोल आता. कोण सलिलकाका?

नुपूर : बाबांचे मित्र. पॅरामॅटाला सॉलिसिटर आहेत. मी त्यांना सगळ्यांचे फोटो दाखवले. माझा, मितालीचा, नीरजाचा, हरप्रीत, जॅस्मिन, ॲशली, सगळ्यांचे. आधी हसले. म्हणाले, बाळा, केस सरळ करणाऱ्या दुकानावर कोणी सगळ्यांची मिळून क्लास ॲक्शन केस करतं का? म्हटलं काका, एक दुकान नाहीये ते, अख्ख्या सिडनीत अकरा ब्रँचेस आहेत आणि सगळीकडे तेच क्रीम. मग नाही हसले. लिटरली पेन काढलं त्यांनी खिशातून! जरा सावलीत येऊ का गं? डोक्याला चटका बसतोय.

सुखदा : ये. तिथली कातडी मेलेली असते, पण ऊन मात्र तिला बरोब्बर कळतं. मी डिसेंबरात बस स्टॉपवर उभी होते, वीस मिनिटं, उघड्या डोक्याने. कांजिण्यांसारखे फोड आले. दोन रात्री डोकं उशीला टेकवता येत नव्हतं.

नुपूर : गॉड. मला नव्हतं माहीत.

सुखदा : तुला कसं असणार. पुढे बोल.

नुपूर : तर, तीन गोष्टी लागतात. एक, सात किंवा जास्त माणसं, एकाच्याच विरुद्ध. दोन, सगळ्यांचं प्रकरण त्याच किंवा मिळत्याजुळत्या परिस्थितीतलं हवं. तीन, निदान एक तरी महत्त्वाचा प्रश्न सगळ्यांचा सारखा हवा. बस! अमेरिकेत म्हणे आधी कोर्टाचा शिक्का घ्यावा लागतो, की हो, ही केस सगळ्यांची मिळून चालवण्यालायक आहे. महिनोन्महिने जातात त्यात. आपल्याकडे तसलं काही नाही. या तीन असल्या की दार उघडं.

सुखदा : माहितेय. मीही लीगल स्टडीज घेतलंय.

नुपूर : नव्या शाळेत? कशी आहे गं शाळा?

सुखदा : शांत.

नुपूर : हं. बरं, हा फॉर्म. मीच बनवला, कॅन्वावर. सात ओळी, सात सह्या.

सुखदा : वर बदकं आहेत.

नुपूर : बेबी शॉवरचं टेम्प्लेट होतं. फुकट तेवढंच होतं. काढता नाही आली मला.

सुखदा : आणि जॅस्मिनने नावापुढे बदाम काढलाय. जांभळ्या पेनाने. कोर्ट खूश होईल.

नुपूर : हस तू. पण सहा झाल्यात. एकच राहिलीये.

सुखदा : दुसरी कोणी नाही मिळाली?

नुपूर : शोधलं ना! दोन महिने शोधतेय. मॉलमध्ये त्या दुकानाबाहेर उभी राहिले, इन्स्टावर स्टोऱ्या टाकल्या. पण आपल्या टकलाचा फोटो कोण देणार? एक बाई भेटली, तिने फोनवर माझा शाळकरी आवाज ऐकला आणि ब्लॉकच केलं.

सुखदा : म्हणजे मी शेवटची.

नुपूर : असं नाही गं.

सुखदा : असंच आहे. काही हरकत नाही, मला सवय आहे. पण गंमत बघ. आपण सात होतोच. ग्रुपचं नाव काय होतं?

नुपूर : सोड ना ते.

सुखदा : काय होतं?

नुपूर : मॅजिक सेवन.

सुखदा : आणि मला काढल्यावर?

नुपूर : मॅजिक सिक्स.

सुखदा : मला काढलं नऊ अठ्ठावीसला. नाव बदललं नऊ एकोणतीसला. एक मिनिट लागलं तुला. कायद्याची पहिली अट तूच घालवलीस बघ, एका मिनिटात.

वीणा : अगं बाई! नुपूर? केव्हा आलीस? मला हाक नाही मारायची का? सुखदा, मैत्रिणीला उन्हात उभं करतात होय गं?

नुपूर : हाय काकू. आत्ताच आले.

वीणा : कोकम सरबत केलंय, घ्या. कित्ती दिवसांनी! अय्या, आणि हे काय? डोक्याला काय झालं बाळा?

नुपूर : ते... काकू...

सुखदा : पाणी, आई. तिलाही पाणी बाधलं.

वीणा : बघ! मी म्हणतच होते. सुखदाचे बाबा मलाच हसायचे. इथल्या पाण्यातच काहीतरी आहे. नीरजाच्या आईशी बोलले परवा, तिच्याही मुलीचं तेच. पण तुझे तर कसले सुंदर केस होते गं! गणपतीला वेणी घालून आली होतीस, सगळ्या बायका बघत होत्या. सुखदाचे काय, विरळच होते आधीपासून. गेले तरी फारसं कळत नाही.

सुखदा : थँक्यू, आई.

वीणा : अगं, आहे ते सांगितलं. मी तिला रोज माक्याचं तेल चोळते, तुझ्यासाठीही देते बाटलीभर. आणि तब्येत बरी आहे ना आता? हिच्या वाढदिवसाला तुम्ही सगळ्या एकदमच आजारी. मी बारा जणांची पावभाजी केली होती. शेवटी शेजारच्या नरेंद्रकाकांना नेऊन दिली.

नुपूर : हो काकू. तेव्हा जरा... ताप होता.

वीणा : सहाही जणींना?

सुखदा : सेम, सिमिलर ऑर रिलेटेड सर्कमस्टन्सेस, आई.

वीणा : काय म्हणते ही कोण जाणे. बरं, बोला तुम्ही. येत जा गं नुपूर. नवीन शाळेत हिचं कोणी नाही. फोन वाजत नाही कधी. मलाच घर खायला उठतं.

नुपूर : ...गेल्या. सुखदा, काकूंना काहीच माहीत नाही?

सुखदा : तिने नको म्हटलेलं असताना गेले होते मी केस सरळ करायला. आणि बाकीचं सांगायचं काय? तिला वाटतं, शाळा मी विषयांसाठी बदलली.

नुपूर : आय ॲम सॉरी.

सुखदा : फुकटची सॉरी नकोय मला. दुसरी अट. मिळतीजुळती परिस्थिती. तुम्ही सहा जणी गेलात, हसत, टाळ्या देत, खुर्च्या फिरवून व्हिडिओ काढत. मी एकटी गेले. हे मिळतंजुळतं झालं?

नुपूर : क्रीम तेच होतं. दुकान तेच.

सुखदा : आणखी एक फरक आहे. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं. हा माझा फोन. स्क्रीनशॉट आहेत. तेरा सप्टेंबर. वाच.

नुपूर : मला माहितेय त्यात काय आहे.

सुखदा : मोठ्याने वाच. आई पुढच्या खोलीत आहे, टीव्ही चालू आहे. ऐकू जाणार नाही. मला ऐकू आलं पाहिजे.

नुपूर : तुला मजा येतेय ना?

सुखदा : हो.

नुपूर : म्हणूनच तुला कोणी घेत नाही! सिरियसली! तू अशी आहेस म्हणून. सगळं मोजून ठेवतेस, कोण कधी काय बोललं, किती वाजता. हसायचं तिथे हसत नाहीस. तुझ्याशेजारी बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आम्हाला काय करायचं होतं तुझं?

सुखदा : झालं? बस चारची आहे. कागद उचल आणि जा. सहाच घेऊन जा काकांकडे.

नुपूर : ...दे फोन.

सुखदा : पहिला माझा.

नुपूर : "कोणी त्या सलोनला जाऊ नका. माझी कातडी भाजलीये, केस मुठीने येतायत. फोटो टाकतेय. प्लीज, दुसऱ्या कोणाला दाखवू नका."

सुखदा : मग तू.

नुपूर : "ईऽऽ. मी जेवतेय."

सुखदा : पुढे.

नुपूर : परत मीच. "सुखदाच्या डोक्यात आधीच पावशेर तेल असतं. क्रीमने वडा तळला असेल." मिताली, हसणारे चेहरे. नीरजा, हसणारे चेहरे. ॲशली विचारतेय वडा म्हणजे काय. मग... पुढचं मी बनवलेलं स्टिकर आहे.

सुखदा : वर्णन कर.

नुपूर : तुला दिसतंय की.

सुखदा : मी पाच महिने बघतेय. तू वर्णन कर.

नुपूर : तुझ्या डोक्याचा फोटो. तो डाग... तो गोल. त्याच्या कडेने पिवळे ट्रक लावलेत, खाली उतरणारे. आणि खाली लिहिलंय, "कालगुर्ली. सोनं सापडलं का?"

सुखदा : तुझं ड्रॉइंग चांगलं आहे. त्या सोन्याच्या खाणीच्या भल्यामोठ्या गोल खड्ड्याचा भूगोलाचा धडा नुकताच झाला होता, नाही? दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग मला कालगुर्ली म्हणत होता. नववीतली पोरंसुद्धा. कॅन्टीनच्या रांगेत एकाने खरंच विचारलं, किती खोल आहे. तुझ्या खड्ड्याचं काय नाव ठेवलंय त्यांनी?

नुपूर : काही नाही. माझ्या तोंडावर तरी नाही.

सुखदा : म्हणजे ठेवलंय. शेवटचा मेसेज वाच.

नुपूर : नको, सुखदा.

सुखदा : वाच.

नुपूर : "गर्ल्स, घाबरू नका. ती जळतेय, शाळेच्या फॉर्मल पार्टीला आपल्या गाडीत घेतलं नाही म्हणून. मी बुक करतेय. सहाही जणी एकत्र."

सुखदा : मी त्या सलोनमध्ये भांडायला गेले होते, माहितेय? त्यांची मॅनेजर म्हणाली, तुझ्याच केसांना तेल फार, आमचा दोष नाही. घरी येऊन ग्रुप उघडला तर तूही तेच लिहिलेलं. तुमचं आधी ठरलं होतं का, असं वाटलं मला.

नुपूर : मलाही तेच म्हणाली ती. डिसेंबरात. मी तर तेल लावतच नाही.

सुखदा : तिसरी अट. सगळ्यांचा सारखा असलेला प्रश्न कोणता?

नुपूर : क्रीम धोक्याचं आहे हे सलोनला आधी माहीत होतं का.

सुखदा : आणि तुला?

नुपूर : काय मला?

सुखदा : तुला माहीत होतं का?

नुपूर : ...होतं.

सुखदा : टीव्ही जोरात आहे. ऐकू नाही आलं.

नुपूर : होतं! होतं माहीत! तू खोटं बोलत नाहीस हे पहिलीपासून माहितेय मला. पण फॉर्मल होता गं. मला सरळ केस हवे होते, सगळ्यांसारखे. आणि तुझं खरं मानलं असतं तर तुला परत घ्यावं लागलं असतं. सगळ्यांसमोर. मग म्हटलं, जाऊनच दाखवू. काही नाही होत. त्या पाच जणी माझ्या भरवशावर आल्या. मितालीची आई माझ्या आईशी बोलत नाही आता. आणि डॉक्टर म्हणतात, माझे नाही येणार परत. मुळंच जळलीयेत. सोळाव्या वर्षी, सुखदा! मला ते दुकान कोर्टात उभं राहिलेलं बघायचंय. कोणीतरी म्हणायला हवं ना, की आमची चूक झाली. कोणीतरी!

सुखदा : कोणीतरी म्हणालं की आत्ताच. तू.

नुपूर : झालं ना मग? वाचलं, बोलले, रडले. कर सही. प्लीज.

सुखदा : पेन दे.

नुपूर : हे घे. इथे, सातव्या ओळीवर. बदकाच्या खाली.

सुखदा : बदकाला मिशा काढते.

नुपूर : सुखदा!

सुखदा : सही लागतच नाही, नुपूर.

नुपूर : म्हणजे?

सुखदा : केस एकीने घालायची असते. तूच घालू शकतेस. बाकीच्यांचं फक्त वर्णन करायचं. अमुक सलोन, अमुक क्रीम, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ज्यांच्या डोक्याला इजा झाली ते सगळे. त्या वर्णनात जी बसेल ती आपोआप आत. तिची संमती लागत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. सलिलकाकांनी सांगितलं असेलच. सात माणसं म्हणाले असतील ते. सात सह्या, असं तू धरून चाललीस.

नुपूर : म्हणजे तू आधीच...

सुखदा : सातवी होतेच. तू घरी पंख्याखाली बसून राहिली असतीस तरी.

नुपूर : म्हणजे मला इथे यायची गरजच नव्हती?

सुखदा : नव्हती.

नुपूर : टोपी काढायची?

सुखदा : नव्हती.

नुपूर : आणि तुला हे सगळं माहीत होतं? मी गेट उघडलं तेव्हापासून?

सुखदा : मागच्या टर्मला त्यावरच निबंध लिहिला मी. वीसपैकी एकोणीस.

नुपूर : मग आधी का नाही बोललीस?

सुखदा : तू इतकं छान वाचत होतीस.

नुपूर : तू... तू आमच्यापेक्षा वाईट आहेस.

सुखदा : असेन. मी एकटी आहे, तेवढाच फरक. मी ते पण शोधलं होतं, बरं का. एकाविरुद्ध सात जण असतील तर कायद्यात अख्खा भाग आहे. सहा जणींविरुद्ध एकटी असेल तर कुठलं पान उघडायचं, ते नाही सापडलं.

नुपूर : ठीक आहे. मला काय? तू आत आहेस ना? झालं माझं काम. सात झाले.

सुखदा : अजून एक आहे. केस उभी राहिली की आतल्या प्रत्येकीला नोटीस येते. तारीख दिलेली असते. त्या तारखेच्या आत एक फॉर्म भरून पाठवला की ती बाहेर. त्याला मात्र सही लागते.

नुपूर : तू बाहेर पडशील?

सुखदा : आणि सहाच उरल्या, तर केस पुढे चालवायची की बंद करायची, ते कोर्ट ठरवतं.

नुपूर : सुखदा, पडशील का बाहेर?

सुखदा : नोटीस यायला महिने लागतात. तोपर्यंत तू रोज फोन बघ. मीही बघायचे, ग्रुपमध्ये परत घेतलं का म्हणून.

नुपूर : मी जाते.

सुखदा : पळ. चारची चुकली तर पुढची पाचला. आणि त्या स्टॉपला शेड नाहीये.

वीणा : सुखदा! अगं, गेली ती? तेलाची बाटली विसरली बघ. रडत होती का गं?

सुखदा : ऊन लागलं असेल.

वीणा : कशाला आली होती इतक्या दिवसांनी?

सुखदा : सही मागायला.

वीणा : मग दिलीस ना? तशी चांगली पोर आहे. आणि ही टोपी कोणाची दांडीवर? तिचीच का? अगं, उघड्या डोक्याने गेली की ती! चार वाजून गेले, बस चुकलीच असेल तिची. तिथेच उभी असेल. कडकडीत वाळलीये ही, पळ, देऊन ये पटकन.

सुखदा : नाही वाळली अजून, आई.